वाढत्या कोंबडीसाठी योग्य खाद्य कोणते : स्टार्टर, ग्रोअर की लेयर?

निवडुंग

आमच्या वारज्यातील बैठ्या घरामागे थोडे फरसबंद अंगण आहे आणि तेथे सध्या दोन कोंबड्या वाढत आहेत. एक पांढरी आहे. आठवडे बाजारात मुलीने हट्टाने घ्यायला लावली तेव्हा ती गडद गुलाबी रंगवलेले पिल्लू होती, आणि नवी पिसे फुटत गेली तसतसा तो रंग निघून गेला. दुसरी तपकिरी गावठी असून भोरकडच्या नातेवाइकांनी दिली आहे. दोन्ही साधारण अडीच महिन्यांच्या आहेत. त्या कापण्यासाठी पाळलेल्या नाहीत. पुढे अंडी मिळाली तर हवीच आहेत, परंतु मुख्य हेतू त्यांनी धडधाकट राहून बरीच वर्षे जगावे एवढाच आहे.

आतापर्यंत पिल्लांचे स्टार्टर खाद्य दिले. ते संपत आले म्हणून पशुखाद्याच्या दुकानात गेले, तर दुकानदारांनी "आता सरळ लेयर सुरू करा, लवकर अंड्यावर येतील" असे सांगून लेयर मॅश, म्हणजे अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचे भुकटीसारखे खाद्य, पुढे केले. दुसऱ्या दुकानात ब्रॉयलर फिनिशर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांना शेवटी देतात ते, हेच सर्वांत ताकदीचे खाद्य असल्याचे ऐकायला मिळाले. घरी सासूबाईंचे म्हणणे असे की ज्वारी, बाजरी आणि पोळीचा कुस्करा यांवर त्यांच्या माहेरच्या कोंबड्या उत्तम वाढत असत, त्यामुळे विकतच्या खाद्याची गरजच नाही. तिघांचेही ऐकून मी अधिकच गोंधळले आहे. जाणकारांनी कारणांसह सांगावे.

दाणापाणी

लेयर खाद्य आत्ता अजिबात सुरू करू नये. कारण कॅल्शियम. अंड्याचे कवच जवळजवळ संपूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असते, म्हणून अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियमचे प्रमाण ३ ते ४ टक्के ठेवलेले असते, तर वाढीच्या वयातील खाद्यात ते १ टक्क्याच्या आसपास पुरते. जी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अजून अंडी घालत नाही तिच्या शरीरात या जादा कॅल्शियमला जाण्यासाठी जागाच नसते. ते बाहेर टाकण्याचा सगळा भार मूत्रपिंडांवर पडतो, आणि हे आठवडेच्या आठवडे चालू राहिले तर मूत्रपिंडे निकामी होऊन यूरिक आम्ल साचू लागते. अशा पक्ष्याचे शवविच्छेदन केल्यावर हृदयावर आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो. वाईट भाग असा की बाहेरून बराच काळ काहीच कळत नाही; पक्षी खातो, फिरतो आणि एक दिवस अचानक मरतो.

"लवकर अंड्यावर येतील" हे विधानही चुकीचे आहे. कोंबडी अंड्यावर कधी येणार हे तिची जात, तिचे वय, अंगावरचे वजन आणि दिवसातील प्रकाशाचे तास यांवर ठरते. लेगहॉर्न या अंड्यांच्या जातीच्या रक्ताची संकरित तलंग साडेचार-पाच महिन्यांत अंडे घालते, गावठीला सहा महिने किंवा त्याहून अधिक लागतात. पोत्यावर जे आठवडे छापलेले असतात ते पहिल्या प्रकारच्या, म्हणजे व्यावसायिक शेडमधील पक्ष्यांसाठी असतात. तुमची तपकिरी त्या तक्त्यात बसत नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत कॅलेंडर न पाहता पक्ष्याकडे पाहावे: तुरा फिकट गुलाबीवरून लाल होऊ लागतो, ती पेटीत, टोपलीत, कोपऱ्यात आडोसा शोधू लागते, आणि पाठीवर हात ठेवताच पंख किंचित पसरून खाली बसते. हे सुरू झाले की पहिले अंडे बहुधा काही आठवड्यांवर असते, आणि कॅल्शियमचा विचार तेव्हा करावा.

तोपर्यंत ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयातील खाद्य. आयएस १३७४ या भारतीय मानकानुसार अंड्यांच्या जातींसाठी पिल्लांच्या खाद्यात किमान २० टक्के आणि ग्रोअरमध्ये किमान १६ टक्के प्रथिने असावी लागतात. पहिल्या सात-आठ आठवड्यांत पिसे, स्नायू आणि आतील अवयव झपाट्याने तयार होतात म्हणून तेव्हा प्रथिने जास्त. त्यानंतर सांगाडा हळूहळू भरत जावा आणि चरबी साठू नये म्हणून कमी.

एक विनंती. पांढरीचा तुरा कसा आहे, तिचे वजन किती आहे आणि संपत आलेल्या स्टार्टरच्या पोत्यावर काय छापले आहे, हे कळवावे. रस्त्यावर विकली जाणारी रंगीत पिल्ले कोठून येतात हे लक्षात घेतले तर तिच्याविषयी मला निराळीच शंका येते.

मिश्रपीक

वरील प्रतिसाद शास्त्रीय आहे हे मान्य करून थोडी वेगळी बाजू मांडतो. मुळशीत आमच्या घरी कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि खाद्याचे पोते कधी आणलेले नाही. सकाळी डालगे उचलले की संध्याकाळपर्यंत त्या बाहेर, आणि परतल्यावर मूठभर नाचणी किंवा भाताची कणी. पक्षी काटक, रोगाला सहसा न बळी पडणारे. शहरातील लोकांनी दोन कोंबड्यांसाठी टक्केवारीचे गणित मांडावे याचे थोडे हसू येते. सासूबाईंचे म्हणणे इतके सहज मोडीत काढू नये.

खुराडे

मिश्रपीक, मी बरीच वर्षे खाद्यनिर्मितीच्या व्यवसायात होतो, तरीही तुमच्याशी अर्धा सहमत आहे. मूठभर नाचणी पुरते हे खरे आहे, कारण तुमची कोंबडी दिवसभर वाळवी, गांडुळे, नाकतोडे, शेणातील अळ्या आणि कोवळी पाने खाऊन आलेली असते. तिची प्रथिने आणि जीवनसत्त्वे उकिरड्यातून येतात; तुमची मूठ ही फक्त संध्याकाळी घरी परतण्याची लाच आहे. वारज्यातील फरसबंद अंगणात तो उकिरडा नाही. तेथे मूठभर दाणा हाच संपूर्ण आहार ठरतो आणि गणित लगेच बिघडते.

ते गणित असे आहे. या वयाची अंड्याच्या जातीची कोंबडी दिवसाला साधारण ५५ ते ६० ग्रॅम खाद्य खाते. ती ६० ग्रॅम ग्रोअर खात असेल तर तिला १६ टक्के प्रथिने मिळतात. त्यातील २० ग्रॅमच्या जागी तांदळाची कणी दिली, जिच्यात प्रथिने सुमारे ८ टक्के असतात, तर एकूण प्रमाण १३ टक्क्यांच्या थोडे वर येऊन थांबते. मका ८ ते ९, ज्वारी १०, बाजरी ११ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे धान्य कोणतेही घेतले तरी निव्वळ धान्याने १६ गाठता येत नाहीत. शिवाय प्रथिनांचा आकडा हा अर्धाच हिशेब आहे. धान्यात लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, तोकडी असतात, आणि पिसे बनण्यासाठी मेथिओनिनसारखी गंधकयुक्त अमिनो आम्लेच लागतात. नुसत्या धान्यावर वाढलेल्या शहरी कोंबड्यांची पिसे विरळ आणि निस्तेज का असतात, एकमेकींची पिसे त्या का उपटतात, याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

म्हणून सासूबाईंना धान्य देऊ द्यावे, पण दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापुरते, आणि तेही दुपार टळल्यावर, ग्रोअरने पोट भरल्यानंतर. दोन पक्ष्यांसाठी हे प्रमाण दहा-बारा ग्रॅमच्या, म्हणजे एका मोठ्या चमच्याच्या, वर जात नाही. पोळीचा कुस्करा अधूनमधून चालेल. फोडणीचा भात, फरसाण आणि खारे शेंगदाणे मात्र नकोत, कारण एवढ्याशा शरीराला मीठ फार लवकर जास्त होते. कच्चा राजमा, बटाट्याची हिरवी साल आणि ॲव्होकाडोची साल व बी ही तर विषारीच आहेत.

ब्रॉयलर फिनिशरविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. त्यात प्रति किलो ३२०० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा असते, ग्रोअरमध्ये २५०० च्या आसपास. सहा आठवड्यांत बाजारात जाणाऱ्या पक्ष्यासाठी ते बनवलेले आहे. ज्याला पाच-सात वर्षे जगायचे आहे त्याच्या पोटात चरबी साठवण्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही.

निवडुंग

सर्वांचे आभार. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर टोपली ठेवून दोघींचे वजन केले. पांढरी पाऊण किलोच्या थोडी वर आहे आणि तपकिरी अर्धा किलो. पांढरीचा तुरा मोठा, उभा आणि चांगलाच लाल आहे, तपकिरीचा अगदी बारीक आणि फिकट. स्टार्टरच्या पोत्यावर इतर मजकुरासोबत "अँप्रोलियम" असा शब्द आहे. खाद्य भुकटीच्या स्वरूपात आहे, आणि दोघी त्यातील मक्याचे कण तेवढे वेचून घेतात, तळाशी पिठासारखा चुरा राहतो तो मी रोज टाकून देते. तपकिरीच्या पायाची बोटे मध्यंतरी आत वळल्यासारखी वाटत होती, आता सरळ आहेत.

दाणापाणी

शंका खरी ठरली असे दिसते. तुमची पांढरी बहुधा कोंबडा आहे. अंड्यांच्या व्यवसायात नर पिल्लांचा उपयोग नसतो. उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे केले जातात आणि त्यांतील काही नर रंगवून बाजारात येतात. रंगीत पिल्लांमध्ये ब्रॉयलरही असतात, परंतु तो या वयात तीन किलोंच्या पुढे गेला असता. अडीच महिन्यांत पाऊण किलो वजन आणि मोठा लाल तुरा म्हणजे लेगहॉर्नसारख्या जातीचा नर. पुढील काही आठवड्यांत त्याने बांग द्यायचा प्रयत्न केला की खात्री होईल, आणि शेजाऱ्यांचीही होईल.

यामुळे खाद्याचा निर्णय सोपा होतो. कोंबड्याला लेयर खाद्याची गरज आयुष्यात कधीच नाही. तपकिरी अंड्यावर आल्यानंतर दोघांना दोन भांड्यांत दोन खाद्ये देण्याचा प्रयत्न करू नये. ते एकमेकांचे भांडे रिकामे करतातच. त्याऐवजी दोघांनाही ग्रोअरच चालू ठेवावे आणि शिंपल्यांचा चुरा एका वेगळ्या वाटीत कायम ठेवावा. अंडी घालणारी कोंबडी गरजेप्रमाणे त्यातले वेचते, विशेषतः संध्याकाळी, कारण कवच रात्री तयार होते. कोंबडा एखादी चोच मारून सोडून देतो. शेडमधील वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालणाऱ्या संकरित कोंबडीला ही व्यवस्था अपुरी पडेल, गावठीला पुरते. घरातील अंड्यांची टरफले तव्यावर भाजून, ओळखू न येण्याइतकी बारीक करून त्याच वाटीत टाकली तरी चालतात.

टाकून दिला जाणारा चुरा हाच खाद्याचा सर्वांत महाग भाग आहे. जीवनसत्त्वे, खनिजे आणि वरून मिसळलेली अमिनो आम्ले त्या पिठातच असतात. बोटे आत वळणे हे रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, कमी पडल्याचे ओळखीचे लक्षण आहे, आणि तपकिरी मका वेचून पीठ सोडत असेल तर त्याचा अर्थ लागतो. बोटे सरळ झाली आहेत ही चांगली गोष्ट आहे; लक्षण जुने झाले तर ती पुन्हा सरळ होत नाहीत. उपाय दोन आहेत. एकतर मॅशऐवजी क्रम्बल घ्यावे, ज्यात सगळे घटक एकत्र दाबून मग कण पाडलेले असल्यामुळे निवडानिवड करता येत नाही. ते मिळाले नाही तर भांडे रिकामे झाल्याशिवाय नवे खाद्य ओतू नये आणि तळाचा चुरा संध्याकाळी थोड्या पाण्यात किंवा पातळ ताकात कालवून द्यावा. कालवलेले खाद्य तासाभरात संपेल एवढेच असावे, कारण पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत ते लवकर आंबते.

खुराडे

अँप्रोलियमबद्दल लिहायचे राहू नये. ते रक्ती हगवणीच्या, म्हणजे कॉक्सिडिओसिसच्या, प्रतिबंधासाठी पिल्लांच्या खाद्यात अल्प प्रमाणात मिसळतात. हे प्रतिजैविक नव्हे. ते ब-१ जीवनसत्त्वासारखे भासते आणि जंतूला ते जीवनसत्त्व घेऊ देत नाही. त्यामुळेच औषधी स्टार्टर चालू असताना पाण्यातून ब जीवनसत्त्वाची औषधे भरपूर पाजली तर औषधाचा परिणाम कमी होतो. लहान पिल्लांना असे खाद्य देण्यात काही गैर नाही. आता ग्रोअर घेताना मात्र औषध नसलेले मागावे, आणि अंडी खायची असतील तेव्हा कोणतेही औषधी खाद्य चालू नसावे. पावसाळ्यात खुराड्यातील भुसा ओला राहिला आणि विष्ठेत रक्त दिसले तर खाद्य बदलून काही होणार नाही, त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा.

अंगणवेल

मी धागा वाचत होते. आम्ही धायरीत चार कोंबड्या पाळतो. मार्केट यार्डातून मका आणि सोयाबीन आणून घरच्या घरी भरडून खाद्य बनवले तर स्वस्त आणि ताजे पडणार नाही का? पोत्यातील खाद्यात काय असते यावर माझा फारसा विश्वास नाही.

खुराडे

विश्वास नसणे समजू शकतो, पण कच्चे सोयाबीन भरडून देऊ नका. त्यात ट्रिप्सिनला रोखणारा घटक असतो, त्यामुळे प्रथिने पचत नाहीत आणि पिल्लांची वाढच खुंटते. सोयाबीन नीट भाजून घ्यावे लागते, किंवा तेल काढल्यानंतरची पेंड घ्यावी, जी उष्णतेतून गेलेली असते आणि जिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. मक्याचा भरडा ५५ भाग, सोयाबीन पेंड १८ भाग, गव्हाचा कोंडा किंवा भाताचे पॉलिश २४ भाग आणि उरलेले ३ भाग खनिज मिश्रण, चुनखडी, मीठ व जीवनसत्त्वांचे प्रीमिक्स, असे धरले तर प्रथिने १६ टक्क्यांच्या जवळ येतात. अडचण त्या ३ भागांची आहे. प्रीमिक्स शंभर किलोंमागे काही ग्रॅमच लागते, ते सगळीकडे सारखे मिसळणे घरच्या परातीत जमत नाही, आणि उघडलेले पाकीट चार कोंबड्यांना संपवता संपवता त्यातील जीवनसत्त्वे निघून जातात. पन्नास पक्षी असतील तर घरचे मिश्रण करावे. चारांसाठी मी करणार नाही.

दुसरा धोका बुरशीचा. ओलसर मका आणि शेंगदाणा पेंड यांवर अस्परजिलस बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले, त्याचा शोध घेता घेता बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत संशोधक पोहोचले आणि या विषाची ओळख पटली. ते उकळून किंवा उन्हात घालून जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सुटे खाद्य घेताना हात पोत्यात कोपरापर्यंत घालून पाहावा: आत गरम लागले, ढेकळे लागली किंवा कुबट वास आला तर ते घेऊ नये. वरचा थर दुकानदार हलवून ठेवतोच. बंद पोत्यावर तयार केल्याची तारीख आणि ओलावा पाहावा. मानकाप्रमाणे ओलावा ११ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. महिन्याभरात संपेल एवढेच आणावे आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावे. उंदीर आणि पारवे या दोघांनाही ते सापडू नये. पुण्यात पारव्यांना खाद्याचे भांडे सापडले की ते रोज येतात आणि त्यांचे रोगही सोबत येतात.

मिश्रपीक

सोयाबीनची माहिती मला नवीन आहे. आमच्याकडे खळ्यावर सांडलेले कच्चे सोयाबीन कोंबड्या खातात, पण ते चार दाणे असतात, आहार नव्हे, हे लक्षात आले. माझी एक भर. धान्य देणार असाल तर खडे द्या. कोंबडीला दात नाहीत, दळण पेषणीत, म्हणजे पोटाच्या स्नायुमय भागात, होते आणि त्यासाठी बारीक खडे लागतात. बाहेर फिरणारी कोंबडी ते स्वतः मिळवते, फरसबंद अंगणातील नाही. जाड वाळू धुऊन, चाळून एका वाटीत ठेवली की काम होते. शिंपल्यांचा चुरा हा त्याला पर्याय नाही, तो पोटात विरघळून जातो. सध्या तर तो ठेवूच नये.

हिरवा चारा म्हणून मेथी, कोथिंबिरीच्या काड्या आणि शेवग्याचा पाला टांगून ठेवावा. जमिनीवर टाकला तर तुडवून वाया घालवतात.

निवडुंग

आज औषध नसलेले ग्रोअर क्रम्बल मिळाले. स्टार्टर साधारण दोन किलो शिल्लक आहे. ते एकदम बंद करावे का? आणि भांडे दिवसभर भरलेले ठेवावे की वेळा ठरवाव्यात?

दाणापाणी

एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवस तीन भाग स्टार्टर व एक भाग ग्रोअर, नंतर निम्मे-निम्मे, नंतर उलट, असे आठवडा-दहा दिवसांत बदलावे. एवढ्या दिवसांत दोन पक्षी दोन किलो स्टार्टर संपवणार नाहीत, त्यातले बरेचसे उरेल. विष्ठा पातळ झाली तर त्याच टप्प्यावर दोन दिवस थांबावे.

ग्रोअर दिवसभर समोर असले तरी हरकत नाही, हे पक्षी ब्रॉयलरसारखे खातच सुटत नाहीत. उन्हाळ्यात मात्र दुपारी त्या खात नाहीत, म्हणून पहाटे आणि सूर्य कलल्यावर ताजे घालावे, आणि पाण्याचे भांडे सावलीत ठेवून दिवसातून दोनदा बदलावे. खाद्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी त्या पितात. पाणी तापले की पाणीही कमी आणि खाद्यही कमी.

खाद्य पुरते आहे का हे रात्री खुराडे बंद करताना गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून कळते. तेव्हा ती भरलेली आणि मऊ लागावी, सकाळी रिकामी. सकाळीही घट्ट गोळा लागला तर काही तरी अडकले आहे. छातीचे मधले हाड सुरीच्या पात्यासारखे टोकदार लागले तर पक्षी हाडकुळा आहे, आणि हाड सापडतच नसेल तर सासूबाईंचा चमचा मोठा झाला आहे. दर रविवारी त्याच टोपलीत वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहीत जावे. दोन आठवडे वजन वाढले नाही, किंवा बोटे पुन्हा वळू लागली, तर येथे विचारण्यात वेळ न घालवता औंधच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, आणि जाताना खाद्याचा मूठभर नमुना व पोत्यावरचे लेबल सोबत घ्यावे.